संगणकावरील दरोडे आणि आपले पुणे

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत इतिहासावरचा लेख म्हटला की बहुधा बगदाद, कॉर्डोबा आणि समरकंद ह्यांची वर्णने येतात. ती यावीतच. आपल्या मुलामुलींना आपला वारसा माहीत असला पाहिजे ह्याविषयी दुमत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मीच्या नावाचे लॅटिन रूप होऊन त्यातून ‘अल्गोरिदम’ हा शब्द निघाला, आणि आज संगणक जे काही करतो ते सारे अल्गोरिदमच्या आधाराने करतो. त्याच शतकात, त्याच शहरात अल्-किंदी ह्या विद्वानाने गुप्त लिपीतील पत्र कसे उलगडावे ह्यावर एक पुस्तिका लिहिली. त्याची युक्ती साधी होती. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित येतात. तेव्हा पत्रातील खुणा मोजाव्यात, आणि जी खूण सर्वांत जास्त वेळा आली असेल ती त्या भाषेतील सर्वांत जास्त वापरले जाणारे अक्षर समजून पुढे चालावे. मराठीचे एखादे पान घेऊन त्यात काना किती वेळा आला आणि ‘झ’ किती वेळा आला हे विद्यार्थ्यांनी मोजून पाहावे, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. गुप्त लिपी फोडण्याच्या शास्त्राचा आरंभ येथून झाला असे मानतात.

ह्या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु पुण्यात संगणकाच्या वाटेने जे मोठे दरोडे पडले, त्यांपैकी ज्यांचा तपशील पुढे आला आहे, त्यांत चोर कोठेही अल्-किंदीसारखी अक्षरे मोजत बसलेले दिसत नाहीत. त्यांनी कुलूप फोडले नाही. कोणाकडून तरी किल्ली मागून घेतली, किंवा कोणाला तरी दार उघडायला लावले. आपल्या शहराचा गेल्या वीस-बावीस वर्षांचा हा इतिहास आहे. तो फारसा कोणी लिहीत नाही, म्हणून ह्या वर्षी तो येथे मांडला आहे.

पैशांच्या चोरीआधीचा काळ विषाणूंचा, म्हणजे व्हायरसचा होता. १९८६ साली लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोन भाऊ संगणकाचा व्यवसाय करीत होते. त्यांनी तयार केलेले सॉफ्टवेअर लोक फुकट उतरवून घेत. त्यांना अद्दल घडावी म्हणून ह्या भावांनी फ्लॉपीवर आपोआप पसरणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला आणि त्यात आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला! तो ‘ब्रेन’ ह्या नावाने जगभर गेला. घरगुती व कार्यालयीन पीसी संगणकांवरील तो पहिला व्हायरस मानला जातो. चोरी करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, पण एकदा बाटलीबाहेर गेलेली वस्तू परत बाटलीत घालता आली नाही.

आता दुसरी भावांची जोडी पाहा. ही पुण्यातली आहे. कैलास काटकर ह्यांनी दहावीनंतर शिक्षण सोडले आणि ते कॅल्क्युलेटर व रेडिओ दुरुस्तीचे काम शिकले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे भाऊ संजय ह्यांना त्यांनी संगणकाच्या शिक्षणास घातले. दुरुस्तीस येणारे संगणक पुष्कळदा व्हायरसने बिघडलेले असत. संजय ह्यांनी ते साफ करण्यासाठी लहान लहान कार्यक्रम लिहिले, आणि त्यातून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हे व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर बाजारात आले. २०१६ मध्ये ह्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात विक्रीस आले. दुरुस्तीच्या टेबलावर बसून जो दोष रोज दिसतो त्याचे मूळ शोधायचे, एवढ्या एका सवयीवर हा व्यवसाय उभा राहिला. आपल्या वस्त्यांत मोबाईल दुरुस्तीची दुकाने चालविणारी हुशार मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या पालकांनी ही गोष्ट घरात सांगण्यासारखी आहे.

एक गोष्ट जाता जाता. लाहोरच्या भावांना ज्यांचा राग आला होता ती माणसे अजून आपल्यात आहेत. विकत घ्यावयाचे सॉफ्टवेअर फुकट मिळवून देणारे ‘क्रॅक’ आणि कोठूनही उतरवलेली ‘एपीके’ फाइल ही आजही घरच्या संगणकात व मोबाईलमध्ये व्हायरस शिरण्याची रुंद वाट आहे.

पैशांच्या चोरीचा पहिला गाजलेला प्रसंग एप्रिल २००५ मधला. त्या वेळी पुण्यात कॉल सेंटरचे दिवस होते. रात्रपाळीच्या गाड्या, इंग्रजी बोलण्याचे वर्ग आणि वडिलांच्या पगारापेक्षा मोठा पहिला पगार! एम्फसिस कंपनीच्या पुण्यातील कॉल सेंटरमधून सिटी बँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांना दूरध्वनीवर सेवा दिली जाई. तेथे काम करणाऱ्या व काम सोडून गेलेल्या काही तरुणांनी न्यूयॉर्कमधील चार-पाच ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने दीड कोटी रुपये, पुण्यात उघडलेल्या खात्यांत वळवले.

हे त्यांनी कसे केले? ग्राहक अडचण सांगण्यासाठी दूरध्वनी करी, तेव्हा मदत करण्याच्या निमित्ताने त्याच्याकडूनच त्याचा गुप्त क्रमांक काढून घेतला. अशा केंद्रांत आत-बाहेर जाताना कर्मचाऱ्यांची तपासणी होत असे, त्यामुळे कागद बाहेर नेणे शक्य नव्हते. परंतु डोक्यात ठेवलेल्या आकड्यांची झडती कोण घेणार? पुढे खातेदारांच्या तक्रारी आल्या, बँकेने पोलिसांना कळवले, आणि पैसे आले की नाही हे पाहावयास बँकेत आलेले लोक पकडले गेले. त्या वेळी परदेशी वर्तमानपत्रांनी पुण्याच्या नावाने बरीच टीका केली. कंपनीचे संगणक उत्तम होते, पहारा कडक होता. ग्राहकाने पलीकडचा आवाज आपल्याच बँकेचा आहे असे मानले आणि क्रमांक सांगितला, एवढीच फट होती. आज आपल्याला येणाऱ्या फसव्या दूरध्वनींचे मूळ ह्याच प्रकारात आहे. फरक इतकाच की तेव्हा ग्राहकाने स्वतः बँकेला दूरध्वनी केला होता, आणि आज चोर स्वतःहून आपल्याला करतो.

भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. तो १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. परंतु त्या पहिल्या कायद्यात दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे किंवा संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे ह्यांसाठी वेगळी कलमे नव्हती. २००८ मध्ये कायद्यात सुधारणा झाली व ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, तेव्हा ६६-सी आणि ६६-डी ही कलमे आली. दोहोंतही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मित्राचा पासवर्ड वापरून त्याच्या नावाने गमतीचा मजकूर टाकणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना हे कलम ठाऊक नसते. गंमत म्हणून केले, हा बचाव प्रत्येक वेळी चालेलच असे नाही.

ह्याच कायद्यात एक उपयुक्त तरतूद आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे निवाडा अधिकारी म्हणून चालतो. २०१३ मध्ये अशा एका दाव्याचा निकाल पुण्याच्या बाबतीत लागला. पुण्यातील एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये चोरांनी इतर खात्यांत वळवले होते. बँकेच्या नावाने आलेल्या बनावट ई-मेलला उत्तर दिल्यामुळे हे घडले. अशा ई-मेलला ‘फिशिंग’ म्हणतात, म्हणजे गळ टाकून मासा पकडण्याचाच प्रकार. निवाडा अधिकाऱ्यांनी बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. चोरांची खाती नीट चौकशी न करता उघडली गेली, हा बँकेकडचा दोष धरला, आणि ई-मेलला उत्तर दिले हा कंपनीचा वाटाही धरला. हा निकाल मला फार समतोल वाटतो. आपण चुकलो म्हणून बँक निर्दोष ठरत नाही, आणि बँक चुकली म्हणून आपण सुटत नाही.

आता पुण्याच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या संगणकीय दरोड्याकडे वळू. कॉसमॉस ही पुण्याची जुनी सहकारी बँक. स्थापना १९०६ सालची. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातील दुसरा शनिवार असल्याने बँकांना सुट्टी होती, आणि दुसरे दिवशी रविवार. त्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास जगातील २८ देशांत एटीएम यंत्रांपुढे माणसे उभी राहिली आणि त्यांनी नोटा काढण्यास आरंभ केला. रात्री दहापर्यंत व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये परदेशांत निघाले. भारतात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार होऊन अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी, १३ तारखेस, सकाळी साडेअकराच्या सुमारास आंतरराष्ट्रीय ‘स्विफ्ट’ व्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतील एका कंपनीच्या खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली गेली.

हे समजण्यासाठी एटीएमचे काम कसे चालते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आपण कार्ड घालतो तेव्हा यंत्र लगेच नोटा देत नाही. ते आधी विचारणा पाठवते की हे कार्ड खरे आहे काय, आणि ह्या खात्यात इतके पैसे आहेत काय. ही विचारणा व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून आपल्या बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या संगणकाकडे येते. स्विच ती बँकेच्या मुख्य हिशेबाकडे नेतो आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे उत्तर परत पाठवतो. चोरांनी बँकेच्या जाळ्यात आधीच घातक सॉफ्टवेअर घुसवून ठेवले होते, आणि त्यातून एक तोतया स्विच उभा केला होता. येणाऱ्या विचारणा ह्या तोतयाकडे वळत आणि तो प्रत्येकीस ‘द्या’ असे सांगे. मुख्य हिशेबापर्यंत विचारणा पोचतच नव्हती. त्यामुळे कोणा खातेदाराच्या खात्यातून रक्कम वजा झाली नाही. गेला तो बँकेचा पैसा. ठेवीदारांच्या ठेवी सुरक्षित आहेत असे बँकेने तेव्हा जाहीर केले. पेशवाईत तोतयाचे बंड झाले होते हे आपण शाळेत शिकलो. हा त्या जातीचा तोतया म्हणावयास हरकत नाही.

असा हल्ला केवळ पुण्यावरच झाला असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर ह्याच्या आधीचा मोठा हल्ला झाला. तेथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. चोरांनी गुरुवारी रात्री काम सुरू केले आणि न्यूयॉर्कमधील खात्यातून जवळजवळ ९५ कोटी डॉलर पळवण्याचे आदेश पाठवले. त्यांतील ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोचले. श्रीलंकेस जाणारे दोन कोटी डॉलर मात्र अडले, कारण आदेशात ‘फाउंडेशन’ ह्या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकले होते आणि एका बँक कर्मचाऱ्याला शंका आली. स्पेलिंगसाठी ओरडणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात खुशाल सांगावे. आणि चोर त्या बँकेत शिरले कसे? अमेरिकेच्या तपास यंत्रणेने न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार, नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ई-मेल आले होते, आणि त्यांत त्याची माहितीपत्रे उघडून पाहण्यासाठी दुवा दिलेला होता. कोणीतरी तो उघडला. कॉसमॉसनंतर अडीच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, पाकिस्तानच्या बँक-इस्लामीतून एटीएमच्याच मार्गाने ६१ लाख डॉलर गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने मार्च २०१९ च्या अहवालात कॉसमॉसवरील हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

येथवरची हकीकत ऐकून वाटते की एवढ्या दूरच्या राजकारणाशी आपल्या मोहल्ल्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. तोतया स्विच कोठेतरी दूर बसून चालवता येतो, पण एटीएमच्या तोंडातून बाहेर आलेली नोट उचलावयास हात लागतोच. तो हात स्थानिक असतो. भारतात कोल्हापूर, मुंबई, इंदूर, अजमेर अशा ठिकाणी बनावट कार्डे घेऊन जी माणसे एटीएमपुढे उभी राहिली, ती कमिशनसाठी उभी राहिली होती. एटीएमवर कॅमेरा असतो. पुणे पोलिसांनी त्या चित्रणावरून माग काढला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले; त्यांपैकी नऊ जणांना चार वर्षांची आणि दोघांना तीन वर्षांची शिक्षा झाली. ही योजना ज्यांनी आखली ते पुण्याच्या न्यायालयात कधी उभे राहिले नाहीत. शिक्षा झालेल्यांच्या यादीत निरनिराळ्या समाजांची नावे आहेत. त्यांत आपलीही आहेत. ही गोष्ट लपवून काही साधणार नाही.

कार्ड घेऊन रांगेत उभे राहण्याची आता फारशी गरजही उरलेली नाही. चोरीचा पैसा फिरवण्यासाठी चोरांना बँक खाती लागतात आणि ती भाड्याने मिळतात. महाविद्यालयातील मुलाला कोणी ओळखीचा सांगतो की तुझ्या नावाने खाते काढ, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कार्ड माझ्याकडे दे, महिन्याला काही हजार मिळतील, तुला काहीच करावयाचे नाही. खरोखरच त्याला काही करावे लागत नाही. कोण्या निवृत्त शिक्षकाची पुंजी त्या खात्यात येते, दहा मिनिटांत पुढे जाते, आणि पोलिसांच्या कागदावर पहिले नाव ह्या मुलाचे येते. व्याजाचा पैसा घ्यावा की नाही ह्यावर आपल्या घरांतून पुष्कळ चर्चा होते आणि ती व्हावी. पण आपले खाते दुसऱ्याला वापरावयास दिले तर त्यातून काय वाहून जाते, ह्यावर चर्चा झालेली मी तरी फारशी ऐकलेली नाही.

ह्याहून वाईट प्रकार परदेशी नोकरीचा आहे. थायलंडमध्ये संगणकावरील काम, उत्तम पगार, असे सांगून नेलेल्या तरुणांना म्यानमार आणि कंबोडियातील बंदिस्त वसाहतींत डांबून त्यांच्याकडून लोकांना फसवण्याचे काम करून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांतून सुमारे ५५० भारतीयांना तेथून परत आणले. आखातात नोकरीस जाण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. एजंटाचा परवाना पाहणे, व्हिसा पर्यटनाचा आहे की नोकरीचा हे पाहणे, ह्या गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात. त्यांनी हीच चौकशी संगणकाच्या नोकरीबाबतही करावी.

पालकांसाठी आणखी एक प्रकरण येथे नोंदवले पाहिजे, कारण ते थेट अल्पसंख्याक मुलांच्या शिष्यवृत्तीचे आहे. केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने १,५७२ संस्थांची तपासणी करविली, तेव्हा त्यांतील ८३० संस्था बनावट किंवा बंद असल्याचे आढळले. २०१७-१८ ते २०२१-२२ ह्या पाच वर्षांत ह्यामुळे १४४ कोटींहून अधिक रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज निघाला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. आपल्या गरीब मुलांच्या नावाने निघालेला पैसा दुसऱ्यांनी नेला. अशा लबाडीस कच्चा माल कोणता लागतो? नावे, आधार क्रमांक, बँक खाती, अंगठ्याचे ठसे. आधारची झेरॉक्स मागितली की आपण ती बिनदिक्कत देतो, आणि ती कोणत्या कामासाठी दिली हे त्यावर लिहीतही नाही. ज्या दुकानात अर्ज भरला त्या दुकानाच्या संगणकावर आपली कागदपत्रे तशीच राहतात. ‘शिष्यवृत्तीसाठी, अमुक तारीख’ असे झेरॉक्सवर आडवे लिहून सही करावी. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून अंगठ्याच्या ठशांना कुलूप घालता येते आणि हवे तेव्हा काढता येते. ही सोय फुकट आहे.

अलीकडचा सर्वांत क्रूर प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’चा. व्हॉट्सॲपवर दृश्य दूरध्वनी येतो. पलीकडे पोलिसी गणवेशातला माणूस, मागे सरकारी बोधचिन्ह. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून गैरव्यवहार झाला, तुम्हाला घरातच अटक केली आहे, दूरध्वनी बंद करू नका, कोणास सांगू नका, पैसे ‘तपासणीसाठी’ आमच्या खात्यात पाठवा. पुण्यात सुशिक्षित, निवृत्त, मोठ्या पदांवर राहिलेले लोक ह्यात आयुष्याची कमाई गमावून बसले आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’ मध्ये सांगितले की अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. ते खरेच आहे. पण आपल्या वस्त्यांत ‘पोलीस’ आणि ‘केस’ ह्या शब्दांची भीती इतरांपेक्षा अंमळ जास्त आहे, आणि तिला कारणेही आहेत. चोरास हे माहीत असते. ‘तुमचे नाव मोठ्या प्रकरणात आले आहे’ एवढे वाक्य ऐकून ज्याच्या हातापायांतले त्राण जाते, तो माणूस पुढे विचार करीत नाही. म्हणून घरातील मुलांनी आजी-आजोबांना, अम्मी-अब्बांना, हे आधीच बसून समजावून ठेवले पाहिजे: खरा पोलीस व्हिडिओवर अटक करीत नाही, पैसे मागत नाही, आणि ‘घरच्यांना सांगू नका’ असे कधीही म्हणत नाही. हे शेवटचे वाक्य कानावर पडताच दूरध्वनी बंद करून शेजारच्याला हाक मारावी.

बाकी सुरक्षिततेच्या गोष्टी विशेष अवघड नाहीत. पैसे घ्यावयाचे असतील तर यूपीआयचा पिन लागत नाही. तो फक्त देताना लागतो. जो कोणी ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ किंवा ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणेल तो आपल्याकडूनच पैसे काढीत आहे. ओटीपी कोणास सांगू नये हे सर्व बँका सांगून थकल्या आहेत. पासवर्ड मुलीचे नाव आणि जन्मसाल असा नसावा. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि सहजी फुटत नाही. आपल्याकडे तर मराठी, उर्दू आणि दखनी अशा तीन भाषांतून शब्द निवडण्याची सोय आहे! ई-मेलचा पासवर्ड मात्र दुसऱ्या कशालाही वापरू नये, कारण बाकी सगळे पासवर्ड बदलण्याचा दुवा ई-मेलवरच येतो. ई-मेल आणि व्हॉट्सॲप ह्या दोहोंस दुहेरी पडताळणी लावावी. मोबाईल ‘अपडेट’ मागतो तेव्हा तो कंटाळा देण्यासाठी मागत नाही; जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोके बुजवण्यासाठी मागतो. स्वस्त उमराच्या सहलीची जाहिरात आली तर पैसे भरण्यापूर्वी त्या कार्यालयात जाऊन यावे. घरबसल्या व्हिडिओ पाहून पैसे मिळवण्याच्या कामात पहिले शे-दोनशे रुपये खरोखर मिळतात. ते गळाला लावलेले आमिष असते.

एवढे करूनही फसवणूक झाली तर लाज बाळगून गप्प बसू नये. नवऱ्याला काय सांगू, लोक काय म्हणतील, ह्या विचारात एक रात्र जाते आणि त्या रात्रीत पैसा पाच खात्यांतून पार होतो. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करावा. आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवावी. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसा गेला त्या बँकेला सूचना जाते आणि तेथे शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवली जाते. कॉसमॉसच्या प्रकरणातही हाँगकाँगच्या खात्यात गोठलेल्या रकमेपैकी काही कोटी रुपये पुढे परत आले. एटीएममधून निघालेल्या नोटा गेल्या त्या गेल्या. त्यानंतर सायबर क्राइमच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी आणि आपल्या बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकांत असे ठरवून दिले की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकावर भार पडू नये. आणि ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. म्हणून बँकेला कधी कळवले, किती वाजता कळवले, तक्रारीचा क्रमांक कोणता मिळाला, हे कागदावर लिहून ठेवावे आणि त्या दिवशीचे संदेश मोबाईलमधून पुसू नयेत.